“डॉक्टर, आमचं काय चुकलं?”

खापरसारख्या गावात वयात आलेली मुलगी वाळायला लागली की घरचे आधी काय धरतात? कावीळ, जंत, रक्त कमी, नाहीतर नजर. नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणाची चर्चा इतकी जुनी आहे की हाडं दिसणारं मूल म्हणजे खायला न मिळालेलं मूल, असंच आपल्याला वाटतं. पण भरलेलं ताट समोर असून मूल जेवत नसेल, जाड होण्याच्या भीतीनं घास मोजत असेल किंवा खाल्लेलं गुपचूप ओकून टाकत असेल, तर तो खाण्याशी निगडित मानसिक आजार असू शकतो. मुलगेही यातून सुटत नाहीत. निदान झालं की आईबाप हमखास विचारतात, “डॉक्टर, आमचं काय चुकलं?” या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे.

१८७३ मध्ये लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या आजाराचं वर्णन केलं. गल यांनी दिलेलं ‘अनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव आजही चालतं. नाव तसं फसवं आहे. त्याचा अर्थ भूक नसणं, पण या मुलांना बहुतेक वेळा भूक लागते. ती ते दाबून ठेवतात. गल यांच्या मते अशा रुग्णाची देखभाल करायला नातेवाईक सर्वांत अयोग्य. पॅरिसचे शार्को तर मुलीला घरच्यांपासून पूर्ण तोडून ठेवत. पुढे कितीतरी वर्षं दोष आईवरच येत राहिला.

आपल्याकडे वेगळी वाटही दिसते. मुंबईत १९३७ मध्ये टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेनं बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून रुग्णाजवळ राहू दिलं. ते रुग्ण इतर गंभीर मानसिक आजारांचे होते. पण घरच्यांना उपचारात घेण्याची कल्पना तिथे प्रत्यक्षात आली होती.

खाण्याच्या आजारात ती लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात तपासली गेली. तिथल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये ८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार लहान वयात सुरू झाला होता आणि तीन वर्षांहून जुना नव्हता, त्यांना एकट्यानं समुपदेशन घेण्यापेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचाराचा फायदा जास्त झाला. आज किशोरवयातल्या अनोरेक्सियात हाच उपचार प्रथम सुचवतात.

यात काय करायचं? काही काळ ताटात काय आणि किती, हे आईवडील ठरवतात आणि मूल जेवेपर्यंत शेजारी बसतात. भाकरी, डाळ, भात, दूध, घरचंच अन्न. रागवायचं नाही, वजनावर बोलायचं नाही, दुसऱ्या मुलांशी तुलना तर अजिबात नाही. “हा तुझा हट्ट नाही, आजार आहे, आणि तुला जेवल्याशिवाय सोडणार नाही,” एवढं शांतपणे म्हणायचं. वजन सावरलं की खाण्याचा ताबा हळूहळू मुलाकडे परत द्यायचा. मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घालू नका; रक्तातले क्षार ढासळून जीवावर बेतू शकतं. आधी तपासणी.

सोबत नैराश्य, चिंता, मंत्रचळ, स्वतःला इजा करणं हेही असू शकतं. त्यातलं काही उपासमारीनंच वाढतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा त्यांच्यातले कितीतरी चिडचिडे, उदास झाले आणि दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. म्हणून पोट आणि मन, दोन्हींचे उपचार एकाच वेळी चालतात. पोट भरल्यावरही उदासी राहिली तर तिचा वेगळा इलाज करावा लागतो.

चक्कर, नाडी मंद होणं, पाळी थांबणं, पाणीही नाकारणं किंवा मरणाची भाषा दिसली तर थांबू नका. अक्कलकुवा किंवा नंदुरबारचं सरकारी रुग्णालय गाठा. मनाच्या त्रासाबद्दल बोलायला सरकारचा ‘टेली मानस’ क्रमांक १४४१६ आहे, विनामूल्य, रात्रीसुद्धा. फोन मुलानंच करायला हवा असं नाही, तुम्हीही करू शकता.