बिघाड यंत्रात की फ्लॉपीत?

संगणक चालता चालता बंद पडतो, पुन्हा सुरू केला की थोडा वेळ बरा चालतो आणि परत तेच. अशा वेळी आपला पहिला संशय यंत्रावर जातो. १९९० च्या सुमारास पुण्यातल्या दुरुस्तीवाल्यांचाही तिकडेच जाई, कारण त्यांची सारी विद्या मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची. कैलास काटकर त्यांपैकीच एक. कुटुंब मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. शिक्षण दहावीपर्यंत, मग पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, नंतर स्वतःचे दुकान. १९९३ मध्ये त्यांनी संगणकाच्या देखभालीचा व्यवसाय सुरू केला. पण दुरुस्तीला येणाऱ्या पुष्कळ यंत्रांत तारा, चिप, वीजपुरवठा सगळे ठीक असे. दोष असे तो व्हायरसचा.

हे कसे घडते ते मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसवरून पाहू. संगणक सुरू होताना चकतीचा पहिला सेक्टर वाचतो. त्यात ५१२ बाइट मावतात. पुढे काय करायचे त्याच्या सूचना तिथे असतात. मायकेलअँजेलो नेमका हा सेक्टर बळकावी आणि मूळचा सेक्टर हार्ड डिस्कवर सातव्या जागी सरकवून ठेवी. आदल्या दिवशीची फ्लॉपी यंत्रात विसरून राहिलेली असते. सकाळी संगणक सुरू केला की 'ही चकती चालणार नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. आपण फ्लॉपी काढतो, कळ दाबतो आणि कामाला लागतो. पण तो संदेश दिसेपर्यंत फ्लॉपीतला पहिला सेक्टर वाचून झालेला असतो, आणि व्हायरस हार्ड डिस्कवर पोचलेला असतो.

वर्षभर तो गप्प राही. ६ मार्चला संगणक सुरू झाला की मात्र चकतीच्या सुरुवातीच्या भागावर निरर्थक मजकूर लिहून टाकी. (त्या चित्रकार-शिल्पकाराचा जन्म ६ मार्च १४७५ चा, म्हणून शोधणाऱ्यांनी हे नाव दिले. व्हायरसच्या आत त्याचा उल्लेखही नाही.) १९९२ च्या ६ मार्चला जगभर लाखो संगणक बंद पडतील अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात हजारोंचे नुकसान झाले. वृत्तपत्रांना ते कमी वाटले असेल, ज्यांचे हिशेब गेले त्यांना नाही.

दुरुस्तीवाल्याला यापेक्षा अवघड गाठ दुसरीच. 'स्टोन्ड' नावाचा आणखी एक व्हायरस मूळ सेक्टर त्याच सातव्या जागी ठेवी. दोघे एकाच यंत्रात शिरले की दुसरा पहिल्याचा ऐवज पुसून टाकी आणि संगणक सुरूच होत नसे. अशा वेळी एकेक भाग बदलत बसणे म्हणजे म्हैस पाण्यात असताना गोठा शोधण्यासारखे. पारख मात्र सोपी होती. डॉसमध्ये चेकडिस्कची आज्ञा दिली की एकूण स्मृती ६,५५,३६० बाइट दिसायला हवी. ६,५३,३१२ दिसली, तर उरलेल्या २,०४८ बाइटमध्ये कोणीतरी बसले आहे असा संशय घ्यावा.

उपाय असा: खात्रीच्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि सातव्या जागचा सेक्टर पहिल्या जागी परत आणायचा. त्या फ्लॉपीच्या कडेची खाच आधीच पट्टीने झाकलेली हवी, म्हणजे तिच्यावर काही लिहिले जात नाही. पण ग्राहकाच्या खणात लागण झालेल्या दहा फ्लॉप्या असल्या, तर आठवड्याने तेच यंत्र परत दुकानात! कैलास यांचे धाकटे बंधू संजय तेव्हा मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी व्हायरस ओळखून काढणाऱ्या आज्ञावली लिहिल्या, आणि १९९५ मध्ये त्यांतून 'क्विक हील' बाजारात आले. १९८६ चा 'ब्रेन' हा व्हायरस लिहिणारेही लाहोरचे दोघे भाऊच होते, हा गमतीचा योगायोग.

यंत्राचा दोष आणि आज्ञावलीचा दोष ही सीमारेषा २६ एप्रिल १९९९ रोजी पुसट झाली. तैवानमध्ये लिहिलेला सीआयएच हा व्हायरस त्या दिवशी मदरबोर्डवरच्या बायोस चिपमधल्या सूचनाच खोडू लागला. बाधित यंत्राचे बटण दाबले तरी पडद्यावर अक्षर उमटेना. दोष आज्ञावलीचा, पण दुरुस्ती चिप बदलून! पुढच्या काही वर्षांत उलटे घडले. निकृष्ट कपॅसिटर फुगून संगणक आपोआप बंद-चालू होऊ लागले, आणि लोक व्हायरस शोधत बसले.

आजही घरचा संगणक अचानक बंद पडतो तेव्हा आधी बंद पडण्याची तऱ्हा पाहावी. निळा पडदा येऊन बंद पडला, तर चालक आज्ञावली किंवा स्मृतीची पट्टी तपासावी. काहीच न दिसता एकदम काळोख झाला, तर वीजपुरवठा किंवा उष्णता. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवण्यासाठी यंत्र बंद होते. पंख्यावरची धूळ झटकली की पुष्कळदा भागते. विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडेल. यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती सांगते. कारण शोधायला पेचकस घेऊन झाकण उघडावे लागते, अर्थात प्लग काढून.