व्हीलचेअर आणि जलपर्यटन

बोटीने येऊन एखादे बंदर, बेट किंवा नदीकाठ पाहणाऱ्या व्हीलचेअरधारक प्रवाशाला काय लागते, याचा विचार या नोंदीत केला आहे. विषय सहसा स्मारकाच्या दारापासून मांडला जातो : रॅम्प आहे का, लिफ्ट आहे का, स्वच्छतागृहाचे दार पुरेसे रुंद आहे का. प्रवास मात्र बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी, बोट आणि धक्का यांच्यामधल्या हातभर फटीशी थांबतो. परदेशी बंदरांतही हेच दिसते. जहाज थेट धक्क्याला लागले तर खुर्ची उतरते. ते खोल पाण्यात नांगरून प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेणार असेल, तर खुर्चीतल्या प्रवाशाला अनेकदा जहाजावरच राहावे लागते. ग्रीसमधले सांतोरिनी हे याचे ठळक उदाहरण. वर शहरात जायला केबल कार आहे, पण तिच्यापर्यंत पोचायचे तर आधी लहान बोटीत चढउतार करावी लागते.

मुंबई आणि घारापुरी : क्रूझ जहाजे मुंबईत बॅलार्ड पियरच्या धक्क्याला लागतात आणि तेथून शहरातली बरीच स्थळे मोटारीने गाठता येतात. अडचण येते ती घारापुरीला जायचे म्हटल्यावर. १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेली ही लेणी गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर आहेत. गेटवेला दगडी पायऱ्या उतरून लाटेबरोबर वरखाली होणाऱ्या लाँचमध्ये पाय टाकायचा. गर्दी असली की एका लाँचमधून दुसरीत, असे ओलांडत जायचे. बेटावर धक्क्यापासून पुढे छोटी आगगाडी आहे, त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली. इतके करून वर पोचल्यावर मुख्य लेण्यातली जमीन बरीचशी सपाट लागते आणि त्रिमूर्तीसमोर ऐसपैस जागा मिळते. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेले लेणे खुर्चीला जितके अडवत नाही, तितकी त्याच्याकडे नेणारी अलीकडची वाट अडवते. गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी नवी प्रवासी जेट्टी बांधण्याचे काम स्थानिक रहिवाशांच्या विरोधामुळे न्यायालयात गेले; त्या वादाच्या गुणदोषांत ही नोंद शिरत नाही.

पायरी आणि उतार : पाण्याची पातळी भरती-ओहोटीला बदलते, म्हणून पायऱ्या अटळ आहेत, असे सांगितले जाते. कोकण किनाऱ्यावरचा पुरावा याच्या विरुद्ध आहे. मुंबईतल्याच भाऊच्या धक्क्यावरून १५ मार्च २०२० रोजी मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली. तिच्यात मोटारी सरळ आत शिरतात आणि पलीकडे सरळ बाहेर पडतात. दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या ‘जंगल जेट्टी’ म्हटल्या जाणाऱ्या फेरीबोटींवर ट्रक आणि एसटीसुद्धा पाण्यावरून पार होतात. गोव्यात पणजी–बेती किंवा दिवाडीची फेरीबोट आपली फळी काठाच्या उतारावर टाकते आणि स्कूटरवाले चाकावरच आत जातात. समुद्र तोच, भरतीही तीच. तरी वाहन न्यायचे असते तेथे उतार बांधला जातो आणि माणूस न्यायचा असतो तेथे पायऱ्या. बदलत्या पाण्यावरचा तोडगा आपल्याकडे आहे, तो फक्त मोटारीसाठी वापरला गेला, हा या नोंदीचा मुख्य मुद्दा. उताराची फेरी व्हीलचेअरसाठी आपोआप सोयीची होते असे मात्र नाही : उतार तीव्र आणि ओला असू शकतो, आणि वरच्या मजल्यावरच्या बैठकीपर्यंत जिनाच असतो. १:१२ हे रॅम्पचे मान्य प्रमाण ओहोटीच्या वेळी धक्क्यावर पाळायचे, तर पातळीबरोबर हलणारा तराफा आणि लांब जोडपूल लागतो. तो खर्चिक आहे, अशक्य नाही.

आक्षेप : वारसास्थळाला हात लावता येत नाही, हा पहिला. जंजिऱ्यासारख्या ठिकाणी त्यात तथ्य आहे, कारण तेथे राजपुरीहून आलेली शिडाची होडी थेट किल्ल्याच्या दरवाज्याशी लागते आणि उतरण्याची जागाच वारशाचा भाग आहे. पण लाँचचा धक्का हे शिल्प नव्हे. शिवाय काढता-घालता येणारी सोय भारतात होऊन गेली आहे. जानेवारी २००१ मध्ये व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईतील परिषदेनंतर दिल्लीला गेले, तेव्हा अपंग हक्क चळवळीतले कार्यकर्ते जावेद अबिदी यांच्या पाठपुराव्यामुळे कुतुबमिनारसह चार स्मारकांना लाकडी रॅम्प बसवले गेले. दगडाला धक्का लागला नाही. अथेन्सच्या अक्रोपोलिसवर २०२० मध्ये नवी लिफ्ट आली, त्याबरोबरच्या काँक्रीटच्या वाटांवर मात्र पुरातत्त्वज्ञांमध्ये तीव्र मतभेद झाले. दुसरा आक्षेप असा, की डोली असताना आणखी काय हवे. डोलीवाल्यांचे कष्ट आणि त्यांची रोजी दोन्ही खरी आहेत. पण डोली माणसाला वर नेते, त्याची खुर्ची खाली राहते, आणि लेण्यात हिंडण्याचे स्वातंत्र्य त्या खुर्चीतच असते. बॅटरीवरच्या जड खुर्चीला तर ही वाटच नाही. तिसरा आक्षेप संख्येचा : असे प्रवासी येतातच किती? २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. गुडघे गेलेले वृद्ध यात धरलेले नाहीत. जेथे जाताच येत नाही तेथे कमी लोक दिसणार, आणि ती कमी संख्या सोय न करण्याचे कारण म्हणून पुढे करणे न्याय्य नाही.

कायदा : दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४१ बसथांबे, रेल्वेस्थानके आणि विमानतळ यांची नावे घेते, बंदर आणि जेट्टी त्या यादीत नाहीत. ‘सर्व वाहतूकसाधने’ या पुढच्या शब्दांत बोटी येतात, पण नाव नसलेली जागा अंमलबजावणीत मागे पडते. या कायद्याखालच्या नियमावलीतला नियम १५ मानके केवळ शिफारशीसारखी ठेवत होता, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक मानके आखण्यास सांगितले. युरोपीय संघाचा सागरी प्रवाशांविषयीचा विनियम (११७७/२०१०) मात्र बंदरचालकाचे नाव घेऊन त्याच्यावर मदतीची जबाबदारी टाकतो.

जबलपूर परिसर : समुद्रापासून दूर, नदीकाठीही हीच अडचण दिसते. नर्मदेवरचे भेडाघाट मराठी परिक्रमावासीयांना परिचित आहे. संगमरवरी कड्यांमधला नौकाविहार पंचवटी घाटावरून सुरू होतो, पावसाळ्यात बंद असतो, आणि होडीपर्यंत पायऱ्या उतराव्या लागतात. चौसष्ट योगिनी मंदिराला शंभरावर पायऱ्या आहेत. धुवांधार धबधब्यावर रोपवे आहे. येथे पातळी भरतीने नव्हे, ऋतूने बदलते. त्यामुळे तरंगता धक्का समुद्रापेक्षा येथे सोपा ठरावा.