उन्हाला कामाला लावणारी भिंत

उष्ण हवा हलकी होऊन वर जाते, हे वाक्य आपण सगळ्यांनीच शाळेत घोकले आहे. मी इतिहास शिकवला, विज्ञान नाही. पण या एवढ्याशा वाक्याच्या आधारे माणसांनी घरे उबदार कशी केली आणि गारही कशी केली, हा शेवटी इतिहासच. म्हणजे तो माझ्या हद्दीत येतो!

अमेरिकेतल्या सेलम गावी एडवर्ड मोर्स (१८३८–१९२५) नावाचे प्राणिशास्त्रज्ञ राहत. समुद्री जीवांच्या शोधात ते १८७७ साली जपानला गेले. तिथे आगगाडीतून जाताना ओमोरीजवळ त्यांना शिंपल्यांचा एक प्राचीन ढीग दिसला. त्याच्या उत्खननाने जपानमधल्या आधुनिक पुरातत्त्वाची सुरुवात झाली असे मानतात. त्या डब्यातून इतरांनीही बाहेर पाहिलेच असेल. पण दिसणे वेगळे आणि लक्षात येणे वेगळे.

याच मोर्स साहेबांच्या लक्षात आले की उन्हाच्या खिडकीला गडद पडदा असला, की काच आणि पडदा यांच्यामधून गरम हवेचा झोत वर चढतो. १८८१ मध्ये त्यांनी यावर पेटंट घेतले. उन्हाच्या बाजूच्या भिंतीवर काच, तिच्यामागे काळा केलेला पाटीचा दगड (हो, आपल्या शाळेच्या पाटीचाच!) आणि खाली-वर झडपा. खोलीतली गार हवा खालून शिरते, तापते आणि वरच्या झडपेतून पुन्हा खोलीत येते. झडप फिरवून तीच हवा बाहेर सोडली, तर खोलीत ताजी हवा खेळते. एकच यंत्र, कामे दोन, आणि जळण शून्य. पण तो काळ स्वस्त कोळशाचा होता. कल्पना मागे पडली.

तिला पुन्हा वर काढले फ्रान्समध्ये. पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो इथे फेलिक्स ट्रॉम्ब हे सूर्याच्या उष्णतेवर संशोधन करत होते. १९६७ साली त्यांनी वास्तुरचनाकार जाक मिशेल यांच्याबरोबर तिथे घर बांधले. दक्षिणेला सुमारे ६० सेंटीमीटर जाडीची काळी काँक्रीटची भिंत आणि बाहेरून काच. दिवसभर भिंत ऊन पिते आणि रात्री सावकाश उष्णता खोलीत सोडते. उन्हाळ्यात वरची झडप बाहेर उघडायची. मग हीच भिंत धुराड्यासारखी खोलीतली हवा ओढून घेते आणि तिच्या जागी उत्तरेच्या सावलीतली हवा आत येते. १९७३ च्या तेलटंचाईनंतर सगळ्यांना ही भिंत आठवली आणि तिला नाव पडले ‘ट्रॉम्ब वॉल’. मोर्स राहिले बाजूला, मिशेलही राहिले. इतिहासात हे नेहमीचेच.

आपल्या देशात ही भिंत लडाखला पोचली. शे गावची ती शाळा आठवते ना, ‘थ्री इडियट्स’ (२००९) मध्ये दिसलेली? तिथल्या वसतिगृहाला अशा भिंती आहेत. शिवाय तिथल्या कोरड्या संडासांनाही उन्हाने तापणारे धुराडे आहे. ते दुर्गंधी वर ओढून नेते. मला तर सिनेमापेक्षा हे जास्त आवडले!

आता आमच्या भाच्याचा प्रश्न. तो सोलापूरकडे घर बांधतो आहे. "मावशी, असले धुराडे काढले तर एसी वाचेल का गं?" बाळा, धुराडे हवा गार करत नाही, ते नुसती ओढते. भर दुपारी बेचाळीस अंशांत खिडक्या उघड्या ठेवल्यास, तर ते बाहेरची झळ ओढून आणेल. शिवाय फ्रान्सची नक्कल इथे चालणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेच्या उभ्या भिंतीवर ऊन जेमतेम पडते. म्हणून धुराडे छपराच्या वर न्यावे, काच पश्चिमेला ठेवावी आणि मागची भिंत जाड असावी. संध्याकाळपर्यंत ती तापते आणि सूर्य बुडाल्यावरही हवा ओढत राहते. बाहेर गारवा येतो तो नेमका तेव्हाच. रात्रभर ती हवा घरात फिरली, की भिंती आणि फरशी गार होतात आणि सकाळी दारे-खिडक्या लावून तो गारवा दुपारपर्यंत पुरवायचा.

यात एक गोष्ट कुठल्याच नकाशात नसते. झडपा उघडायला आणि मिटायला घरात कुणीतरी हवे. ओदेयोच्या भिंतीलाही हिवाळ्यात रात्री झडपा मिटाव्या लागत, नाहीतर हवा उलटी फिरून खोली गार होई. आपल्या आज्या सकाळी दहाला खिडक्या लावून घेत आणि दिवेलागणीला उघडत. ऋतू कळत असल्याशिवाय ते जमत नाही. एसीने गारवा दिला हे खरे, पण ऋतूकडे पाहण्याची गरजही त्याने संपवली. तेव्हा घर बांधणाऱ्याने आधी ठरवावे, घरात रोज दोन वेळा उठून खिडकीशी जाणारे कोण आहे? ते माणूस असेल तर धुराडे जरूर बांधा.