हिंस्र जनावर आणि त्याचा राखणदार

परग्रहावरचा भयंकर जीव हौसेने पाळणारा धनी शेवटी त्याच जीवाचं भक्ष्य होतो, हा विज्ञान-भयकथांचा आवडता विषय. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९७९ सालच्या ‘सँडकिंग्ज’ कथेत मालक ते जीव आपसांत लढावेत म्हणून त्यांना मुद्दाम उपाशी ठेवतो आणि अनर्थ ओढवून घेतो. असं घडायला परग्रह लागत नाही. पाळलेल्या जनावराचा धोका त्याच्या दातांपेक्षा त्याच्या पोटापाण्याची आणि प्रकृतीची जबाबदारी कोण घेतो यावर जास्त ठरतो. दक्षिणेतल्या दरबारांचा इतिहास हेच सांगतो.

टिपू सुलतानाची राजधानी श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ रोजी इंग्रजांच्या हाती पडली. त्यानंतर लगेचच इंग्रज सेनाधिकारी आर्थर वेलस्लीने वरिष्ठांना लिहिलं की टिपूचे वाघ कोणी तरी घेऊन जावेत, नाही तर ते गोळ्या घालून मारावे लागतील. त्यांना खायला काही नाही, बघायला माणूस नाही आणि ते पिसाळत चालले आहेत. वाघ तेच होते, गेले होते ते राखणदार. त्याच वर्षी तंजावरच्या सरफोजीराजे दुसरे यांनी तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला. त्यांच्याकडे किल्ला आणि विद्येचा व्यासंग उरला. १८२६ साली भेटीस आलेल्या इंग्रज बिशप हेबरने नोंदवलं आहे की राजे लिनीयस आणि बुफॉन या निसर्गशास्त्रज्ञांचे दाखले सहज देत, त्यांना घोड्याची उत्तम पारख होती आणि वाघावर त्यांचा नेम अचूक होता. जाणणं आणि मारणं एकाच माणसात सुखाने नांदत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

मात्र त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पालकाप्य मुनीच्या नावाने चालत आलेलं गजशास्त्रही जपलं गेलं. ग्रंथालयाने १९५८ साली ते रंगीत चित्रांसह छापलं. या परंपरेची मूळ कथाच बोलकी आहे: अंगराज रोमपादाने रानातले हत्ती पकडून आणले, तेव्हा त्यांच्यात वाढलेला पालकाप्य शोधत आला आणि आधी त्यांच्या जखमा धुऊन औषध लावू लागला. राजाला उपदेश नंतर. म्हणजे पकडण्याने हत्तीला इजा होते, हे शास्त्राने पहिल्याच पानावर कबूल केलं आहे. नर हत्तीच्या मदाचंही तसंच. डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथी सुजतात, स्राव गालांवर ओघळतो, खाणं कमी होतं. ही शरीराची अवस्था आहे, हत्तीचा दुष्टपणा नव्हे. ती ओळखून माहुताला वेळीच अंतर राखता येतं.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं ज्ञान अखेर युद्धाच्या आणि मिरवणुकीच्या कामी आलं, हाती अंकुश होताच. खरं आहे. ज्ञान म्हणजे दया नव्हे, आणि गजशास्त्राला प्राणिमित्रांचं पुस्तक ठरवणं चूकच. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: नोव्हेंबर २०२४ मध्ये तिरुचेंदूरच्या देवळातल्या हत्तिणीने माहुताचा आणि त्याच्या नातलगाचा जीव घेतला. ती मादी होती, तेव्हा नराच्या मदाचा खुलासा इथे चालत नाही, आणि राखणदार तर जवळच होता. माझ्या मते यावरून राखणदाराचं मोल कमी होत नाही. एकट्या माणसाच्या खांद्यावर किती भार टाकता येतो, त्याची मर्यादा कळते. हत्ती कळपात राहणारा. चालायला रान, डुंबायला पाणी आणि दुसऱ्या हत्तींची सोबत देता येत नसेल, तर निव्वळ माहुताच्या मायेवर त्याला देवळाच्या आवारात ठेवू नये.