ओढ्यानें उजळलेलें घर

घरांतील विजेचा दिवा म्हणजे शहराच्या मोठ्या वीजगृहाचें देणें, अशीच सर्वसाधारण समजूत असते. इतिहास निराळें सांगतो. वाहत्या पाण्यापासून वीज काढून घर उजळण्याचा पहिला मान सामान्यतः इंग्लंडच्या उत्तरेस, नॉर्थंबरलंडच्या डोंगराळ मुलुखांत असलेल्या क्रॅगसाइड या वाड्यास दिला जातो.

वाड्याचे धनी विल्यम आर्मस्ट्राँग (१८१०–१९००) हे मूळचे वकील. तरुणपणीं नदीकांठीं मासे धरीत असतां एका खाणीचें पाण्यावर फिरणारें चाक त्यांनीं पाहिलें, आणि पाण्याचें बहुतेक बळ वायां जातें, ही गोष्ट त्यांच्या मनांत ठसली. पुढें ते यंत्रविशारद झाले. तोफांच्या कारखान्यामुळें अलोट संपत्ति मिळाली. तथापि १८६३ सालीं न्यूकॅसल येथें, ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून, देशाचा दगडी कोळसा सुमारें दोनशें वर्षांत संपेल असा इशारा त्यांनींच दिला.

त्याचें एक उत्तर त्यांनीं घरींच करून दाखविलें. ओढा अडवून तळें केलें; त्याचें पाणी टर्बाइनवर सोडून डायनामो फिरविला आणि तांब्याच्या तारेनें वीज वाड्यांत आणली. १८७८ सालीं चित्रदालनांत आर्क दिवा लागला. त्याचा उजेड डोळे दिपविणारा होता. म्हणून १८८० सालीं जोसेफ स्वान यांचे काचेच्या फुग्यांतील सौम्य दिवे बसविले. ग्रंथालयांतील दिवे फुलदाण्यांवर होते. फुलदाणी पाऱ्याच्या वाटीवर ठेवतांच दिवा लागे, उचलतांच विझे.

यामागील गणित साधें आहे. पाणी किती आणि तें किती उंचीवरून पडतें, या दोहोंच्या गुणाकारावर शक्ति ठरते. दर सेकंदास १० लिटर पाणी १० मीटर खालीं आलें, तर सुमारें १ किलोवॅट शक्ति मिळते. नळांत व यंत्रांत होणारी तूट वजा जातां उरेल ती वीज.

या रीतींत कांहींच जळून खर्चीं पडत नाहीं, हें आर्मस्ट्राँग यांनीं १८८१ सालीं एका नियतकालिकास लिहिलेल्या पत्रांत आवर्जून नमूद केलें. पुढें तो वाडा नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आला. २०१४ सालीं तेथें पाणी वर चढविणाऱ्या आर्किमिडीजच्या प्राचीन स्क्रूचा उलट उपयोग करून पुन्हां वीज काढण्यांत आली. जळालेला कोळसा परत मिळत नाहीं. ओढ्याचें पाणी मात्र दर पावसाळ्यास परत येतें. क्रॅगसाइडनें हेंच प्रथम घरगुती मापांत सिद्ध केलें.