घातांकातील अज्ञात : इष्टिका, अर्धच्छेद आणि लॉगरिथम

प्रस्तावना : ज्या समीकरणात अज्ञात राशी घातांकाच्या स्थानी असते, त्याची उकल लॉगरिथमने करण्याची पद्धत पदवीपूर्व वर्गात शिकविली जाते. त्यामुळे हा प्रश्नच लॉगरिथमसोबत जन्मला, असा समज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे.

बाबिलोन : पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका प्राचीन बाबिलोनी इष्टिकेवर (क्र. एओ ६७७०) पुढील प्रश्न आहे : दर साल दर शेकडा २० चक्रवाढ व्याजाने मुद्दल दुप्पट होण्यास किती काळ लागेल? म्हणजेच १.२ चा कितवा घात २ होईल? ३ वर्षांत मुद्दल १.७२८ पट, तर ४ वर्षांत २.०७३६ पट होते. मधली वाढ सरळ प्रमाणात झाली असे मानून लेखनिकाने जे उत्तर काढले, ते दशमान पद्धतीत सुमारे ३.७८७ वर्षे येते. अचूक उत्तर सुमारे ३.८०२ आहे.

धवला : वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ च्या सुमारास षट्खंडागमावर ‘धवला’ टीका पूर्ण केली. तीत ‘अर्धच्छेद’ ही संज्ञा येते. एखादी संख्या १ उरेपर्यंत जितक्या वेळा निमपट करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. ३२ चे अर्धच्छेद ५. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे गुण्य व गुणक यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तेथे आढळतो. डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून ही टीका अमरावतीहून प्रकाशित होऊ लागली आणि हे गणित आधुनिक अभ्यासकांपुढे आले. मात्र अर्धच्छेदांची मोजणी २ च्या पूर्ण घातांपुरतीच नेमकी ठरते. इष्टिकेवरील प्रश्न तिने सुटत नाही.

नेपियर व ब्रिग्ज : जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये लॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली. हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ मध्ये १० या पायाची, १४ दशांश स्थळांपर्यंतची कोष्टके दिली. आता ०.३०१०३ ला ०.०७९१८ ने भागताच ३.८० हे उत्तर हाती येते. तथापि नेपियर यांची मूळ कल्पना दोन गतिमान बिंदूंच्या तुलनेवर आधारलेली होती. लॉगरिथम म्हणजे घातांक, ही व्याख्या ऑयलर यांच्या १७४८ च्या ग्रंथाने रूढ केली.

निष्कर्ष : प्रश्न, नियम, साधन आणि व्याख्या या चार गोष्टी भिन्न काळी, भिन्न समाजांत सिद्ध झाल्या. म्हणून ‘लॉगरिथम आमच्याकडे आधीच होते’ हा दावा जितका अपुरा, तितकेच वीरसेनांचा उल्लेख टाळणारे पाठ्यपुस्तकही अपुरे होय. नियम ओळखण्याचे श्रेय वीरसेनांना आणि सर्व संख्यांना लागू पडणाऱ्या साधनाचे श्रेय नेपियर-ब्रिग्ज यांना देणे, हेच इतिहासाशी प्रामाणिक राहणे होय. वर्गात सूत्र देण्यापूर्वी व्याजाचा तो जुना प्रश्न फळ्यावर मांडला, तर सूत्राची गरज विद्यार्थ्यांना आपोआप जाणवेल.