धुळ्याची पुनर्वसाहत आणि बाळाजी बळवंत

धुळे शहराचा इतिहास सांगताना कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्यापासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजी अंमलाखाली आल्यावर त्याने नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली, हे निर्विवाद होय. परंतु निवड करावयास मुळात गाव असावे लागते. आणि अवघ्या पंधरा वर्षांपूर्वी तेथे गाव उरलेले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धुळे हे लळिंगच्या हुकमतीखालील एक सामान्य खेडे होते. लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेस, दख्खनमधून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर उभा आहे. फारुकी राजवटीपासून त्याचे महत्त्व होते. १७५२ च्या सुमारास हा मुलूख मराठ्यांकडे आला, आणि पुढे पेशव्यांनी लळिंग व सोनगीर हे परगणे विंचूरकरांस दिले. पानिपतच्या संग्रामात नाव गाजविणारे विठ्ठल शिवदेव यांचे हे घराणे. त्यानंतर होळकरांच्या फौजांची धामधूम झाली, आणि पाठोपाठ १८०३ चा भीषण दुष्काळ आला. धुळ्यात माणूस म्हणून राहिले नाही.

मराठेशाहीच्या दप्तरांत अशा गावास ‘बेचिराग’ म्हणत. शब्द फारशी, चिराग म्हणजे दिवा, आणि बेचिराग म्हणजे जेथे रात्री दिवा लागत नाही ते. आज आपण ‘बेचिराख’ म्हणतो व त्यात राख ऐकतो. ध्वनीच्या साम्याने अर्थही सरकला, आणि उजाड या अर्थाचा शब्द जळून गेलेल्यास लागू लागला. इतिहासाच्या अभ्यासकाने मूळ अर्थ विसरता कामा नये. धुळे ओस पडले होते ते माणसे निघून गेल्यामुळे. म्हणजे माणसे परत आणणे हेच तेथील खरे काम होते.

ते काम १८०४ मध्ये विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी केले. स्वतःचे नाव व वडिलांचे नाव, एवढीच त्यांची नोंद. कागदोपत्री आडनाव न लावण्याची त्या काळची रीतच होती. या कामगिरीबद्दल विंचूरकरांनी त्यांस इनाम जमीन व काही हक्क दिले, आणि कालांतराने लळिंग-सोनगीरचा सारा कारभार त्यांच्या हाती सोपविला. बाळाजींनी आपले ठाणे लळिंगास किंवा सोनगीरास न नेता धुळ्यासच ठेवले. माझ्या मते शहराच्या इतिहासातील निर्णायक घटना ही होय. किल्ल्याकडची सत्ता नदीकाठी उतरली ती येथे.

उजाड गाव वसविण्याची त्या काळची रूढ पद्धत कौलाची होती. रयतेस कौल देऊन बोलावीत, प्रारंभी सारा नाममात्र ठेवीत आणि तो वर्षागणिक चढवीत नेत. यास ‘इस्तावा’ म्हणत. व्यापारी आणून पेठ बसविणारास शेटेपणाचे वतन मिळे. वसविणाराचा लाभ व येणाराचा लाभ येथे एकाच करारात गुंतलेला असे.

बाळाजींच्या कामाचे फळ काय, याची साक्ष ब्रिग्ज यानेच दिली आहे. कालवा व नदी यांच्यामध्ये वसलेले, भोवती बागायत असलेले छोटे गाव, असे त्याने धुळ्याचे वर्णन केले. पांझरेच्या खोऱ्यात बंधारा घालून पाटाने पाणी खेळविण्याची परंपरा जुनी आहे. पण दर साल गाळ उपसणारे हात नसतील तर पाट बुजून जातो. ब्रिग्ज आला तेव्हा बागायत हिरवी होती, याचा अर्थ कुणबी परतून बरीच वर्षे झाली होती. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरे व २,५०९ माणसे होती. घरटी सरासरी सहा. शून्यातून पंधरा वर्षांत झालेली ही वस्ती लहान म्हणता येणार नाही.

जानेवारी १८१९ मध्ये ब्रिग्जने कचेऱ्यांसाठी मंजुरी मिळविली, दूरदूरचे कारागीर आणविले. सुमारे २७,००० रुपये खर्च झाला. व्यापाऱ्यांस घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांस व नवागतांस सारखीच तगाई दिली. गोऱ्या अधिकाऱ्याचे हे औदार्य म्हणून पुष्कळदा वर्णिले जाते. कौलाची रीत ज्यास ठाऊक आहे त्यास मात्र यात फारसे नवल वाटणार नाही. नवे होते ते आखणीत. नव्या धुळ्याचे रस्ते सरळ निघाले, जुने धुळे आपल्या वळणांनिशी शेजारी राहिले. १८६३ पर्यंत दोन्ही मिळून वस्ती दहा हजारांवर गेली.